पत्त्याचं शेपूट

मला त्यांचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी कितीही साळसूदपणे लिहिलं तरी ते लपणार नाही. आणि हेवा तरी कोणाचा? टाइम ऑफिसात बसून कामगारांची हजेरी बघणाऱ्या, दहावीला दोनदा बसून दोनदा नापास झालेल्या, मे महिन्यातही कंपनीचा निळा स्वेटर घालून फिरणाऱ्या छपन्न वर्षांच्या माणसाचा.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायला होतो. आकुर्डीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला, काचेच्या केबिनमध्ये बसणारा. मला सगळे सर म्हणायचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे, गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळे. या दोन हाकांमध्ये किती अंतर आहे, ते कळायला मला फार वेळ लागला.

मामांचं स्वतःचं एक प्लास्टिकचं स्टूल होतं. लाल, एका पायाला तार गुंडाळलेलं. ऑफिसात कोणी बोलावलं की ते स्टूल काखेत मारून यायचे. शेजारी रिकामी खुर्ची असली तरी तिच्यावर बसायचे नाहीत. "खुर्चीवर बसलं की मानूस सायेब हुतो," म्हणायचे. बसले की दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत खुपसायचे आणि तिथेच ठेवायचे. दुसऱ्याच्या माउसला त्यांनी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. समोरच्यालाच करायला लावायचे. आणि पहिला प्रश्न कायम एकच असायचा. काय बिघडलंय, असं ते विचारायचे नाहीत. विचारायचे, "तुला जायचं कुठं हाय?"

आमच्याकडचं निम्मं काम वेबसाइटवर चालायचं. ज्या मोठ्या कंपन्यांना आम्ही माल पुरवायचो, त्यांच्या साइटवर गाडी निघायच्या आधी नोंद करून स्लिप काढायची. हजेरीची साइट वेगळी, वाहतुकीच्या कागदांची सरकारी साइट वेगळी. प्रत्येकाने आपापल्या डेस्कटॉपवर या पानांचे शॉर्टकट करून ठेवलेले. आणि शॉर्टकट ही वस्तू मोठी नाठाळ. काल नीट उघडत होता तो आज कोरं पान दाखवतो, भलत्याच ब्राउझरमध्ये शिरतो, नाहीतर तुमची मुदत संपली म्हणून बाहेर काढतो. माझ्या लेखी हे किरकोळ काम. सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप असली कामं पुढे असताना कोण त्याच्या मागे लागणार? मी नियम करून टाकला होता, तक्रारीची मेल पाठवा, नंबर आला की येतो.

हळूहळू मेल यायच्या थांबल्या. मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी तसं अभिमानाने सांगितलंही. कोपऱ्यात बसलेल्या डिस्पॅचच्या सुनंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

सुनंदाताई बीडकडच्या. नवरा भोसरीत वेल्डर, स्वतः पिंपळे गुरवहून रोज दोन बस बदलून यायच्या. इंग्रजी जेमतेम. पण गाडी भरून वेळेवर सोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मीटिंगनंतर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, तर डेस्कटॉपवर एक हिरवं झाड. खाली मराठीत नाव होतं, 'गाडी सोडा'. शेजारी किल्लीचं चित्र, नाव 'हजेरी'. मी विचारलं, हे कोणी केलं?

"मीच केलं की सर," त्या म्हणाल्या. "मामांनी बसून करायला लावलं. इथून तिथून सगळे निळे गोळेच होते. कोणता गोळा कशाचा, काय कळायलंय? आता झाड दाबलं की गाडी."

ती चित्रं विंडोजमध्ये कायमची असतात. मला माहीत होती. कोणाला ती वापरून द्यावीत, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी छातीत जे बारीक दुखलं, ते पुढे तीन वर्षं दुखत राहिलं.

मामा हे शिकले कुठे, तर तेही कँटीनमध्ये त्यांनीच सांगितलं. टाइम ऑफिसात कॉम्प्युटर आला त्या वर्षी हजेरीच्या साइटचा पत्ता बदलला. जुना शॉर्टकट जुन्याच पत्त्यावर जायचा. माझ्या आधीच्या इंजिनिअरला यायला आठ दिवस लागले. तोवर मामा रोज सकाळी डायरीत लिहून घेतलेला नवा पत्ता एकेक अक्षर बोट ठेवून टाइप करायचे.

"आठ दिस एकच पत्ता लिवल्यावर मला त्याची चव कळली," ते म्हणाले. "ही आळी, हे गाव, हे घर. घरापतूर पत्ता खरा. त्याच्या म्होरं प्रश्नचिन्ह आलं की समजायचं, शेपूट सुरू झालं. ते शेपूट त्या दिसापुरतं असतंय. लोक शेपटासकट जपून ठेवत्यात. दुसऱ्या दिशी घरात कोण घेतंय मग? शेपूट कापायचं, जातंय घरला."

मी म्हणालो, "मामा, प्रत्येक वेळी तसं नसतं. काही पानं त्या शेपटाशिवाय उघडतच नाहीत." हे मी मुद्दाम, चारचौघांत, जरा मोठ्याने म्हणालो.

"व्हय?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग ते ठिवायचं. उघडून बघायचं की!"

माझं म्हणणं त्यांनी असं घरात घेतलं आणि वाद घालायला आलेला मी उपाशीच राहिलो.

दुरुस्ती झाली की ते समोरच्याला मशीन बंद करून परत चालू करायला लावायचे आणि शॉर्टकट तीनदा उघडून दाखवायला सांगायचे. तिसऱ्यांदा उघडला की "हां, आता ह्यो तुझा," म्हणून स्टूल उचलायचे. चहा घ्यायचे नाहीत. एखादं पान अडलं की स्क्रीनकडे बघून बैलाला बोलावं तसं हळू बोलायचे, "उघड की राजा, काय झालं तुला?" लोक हसायचे, पण त्यांना बोलवायचे. दिवाळीत टाइम ऑफिसच्या खिडकीत घरच्या फराळाचे डबे रांगेने लागायचे. माझ्या टेबलावर कंपनीचा मिठाईचा बॉक्स यायचा, तो सगळ्यांनाच यायचा.

एकदा तर फार झालं. माल घेणाऱ्या कंपनीचे दोघे पाहणीला आले होते आणि क्वालिटीच्या मुलीला त्यांच्याच साइटवरचा रिपोर्ट दाखवायचा होता. पान उघडायचं, पण त्यावरचं एकही बटण चालेना. मी ब्राउझर काढून टाकला, परत टाकायला घेतला. पाहुणे घड्याळ बघायला लागले. कोणीतरी मामांना निरोप दिला. ते स्टूल घेऊन आले, बसले आणि म्हणाले, "पोरी, ह्या पानाचं रूप जुनं दिसतंय. जुन्या घराला जुनं दार लागंल. आपल्याकडं तो जुना ब्राउझर अजून हाय का?" होता. तिने त्यात पान उघडलं आणि बटणं चालायला लागली. पाहुण्यांपैकी एकाने उठून मामांशी हात मिळवला. मी तिथेच उभा होतो, माझ्या हातात ब्राउझरचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर.

त्या संध्याकाळी मी मेल लिहिली.

ती लिहायला मला तासभर लागला. इंग्रजीत लिहिली, एचआरच्या मॅनेजरला. टाइम ऑफिसमधील कर्मचारी कोणत्याही अधिकाराशिवाय इतरांच्या कॉम्प्युटरवर बदल करवून घेतो, त्यामुळे कंपनीच्या माहितीच्या सुरक्षेला धोका आहे, ऑडिटमध्ये हे उघड झाल्यास जबाबदारी कोणाची, असं सगळं. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. खोटं होतं ते लिहिण्याचं कारण, आणि ते मेलमध्ये नव्हतं.

आठवड्याभरात मामांना पत्र मिळालं. इंग्रजीतच. सोबत माझ्या मेलची प्रिंट जोडलेली, हे मला नंतर कळलं. मॅनेजरने त्यांना तोंडीही सांगितलं, आता ऑफिसच्या भागात यायचं नाही, आपलं टाइम ऑफिस बरं. मामा "बरं" म्हणाले आणि पत्र घडी करून स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवलं. कोणाच्या सांगण्यावरून, हे मॅनेजर सोडून ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. सुनंदाताईंनी मॅनेजरला चार दिवस नमस्कार केला नाही.

आता सगळे माझ्याकडे येतील, अशी माझी कल्पना. आलेही. मी दुरुस्त करून द्यायचो, पण माउस हातात घेऊन, भराभर, समोरच्याला काही कळायच्या आत. चार दिवसांनी तोच माणूस परत यायचा. "सर, परत गेलं." माझ्या टेबलाशी उभं राहताना ते ज्या तोंडाने उभे राहायचे, ते मी कधी विसरणार नाही. दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

मग तो दिवस आला. ज्या कंपनीला आमचा निम्मा माल जातो, तिने आपली साइट रातोरात बदलली. सकाळी सुनंदाताईंनी झाड दाबलं, तर 'असं पान नाही' एवढंच. बाहेर दोन गाड्या भरून उभ्या. स्लिपशिवाय तिकडे गेटच्या आत घेत नाहीत, आणि दुपारपर्यंत माल पोचला नाही तर तिकडची गाड्या जोडायची लाइन थांबून उभी राहते. लाइन उभी राहिली की आमच्या प्लांट हेडला फोन येतो, आणि त्यानंतर आमच्याकडे कोणाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी धावत गेलो. नवी लिंक मेलमध्ये आली होती, ती शोधली, सुनंदाताईंचं लॉगिन केलं, पान उघडलं, त्याचा नवा शॉर्टकट करून दिला. उघडून दाखवला. उघडला. मी विजयी मुद्रेने केबिनमध्ये परतलो. पाच मिनिटांत त्यांचा फोन. बाहेर काढतंय. परत गेलो, परत केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी ब्राउझरमधलं सगळं साठवलेलं पुसून टाकलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. प्लांट हेड मागे येऊन उभा राहिला.

"मामाला बोलवा की," सुनंदाताई म्हणाल्या. कोणाकडेही न बघता.

मामा आले. स्टूल आणलं नव्हतं. ऑफिसच्या काचेच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. प्लांट हेड म्हणाला, "या ना आत."

"मला आत यायची परवानगी न्हाई सायेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं. आणि दारातूनच विचारलं, "ताई, तुला जायचं कुठं हाय?"

"गाडीची स्लिप काढायचीय मामा."

"ही नवी खूण कुठनं जपली? आत जाऊन, का दारातनं?"

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लॉगिन केल्यानंतरच्या पानाचा शॉर्टकट केला होता. आत जाऊन.

"त्यावर उजवं बटण दाब. गुणधर्माचं पान काढ, प्रॉपर्टीज का काय ते. पत्ता वाच मला."

त्या अक्षर अक्षर वाचत गेल्या. प्रश्नचिन्ह आलं तेव्हा मला ते तोंडावर बसल्यासारखं लागलं.

"थांब," मामा म्हणाले. "तितनं म्होरं समदं खोड."

शॉर्टकट उघडला. लॉगिनचं साधं पान आलं. त्यांनी दारातूनच तीनदा उघडायला लावलं, मधे एकदा मशीन बंद करून. तिकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि इकडे मामा मशीन चालू व्हायची वाट बघत होते. तिसऱ्यांदा उघडल्यावर ते वळले आणि गेले. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गाड्या वेळेत पोचल्या. मी आजवर केलेल्यातली सगळ्यात साधी चूक केली होती, आणि ती कॉलेजात जाऊन शिकलेल्या माणसाने केली होती.

पुढच्या आठवड्यात मला डेंगी झाला. निगडीला प्राधिकरणात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आई गेल्यापासून तिथे मी आणि बाबा. बाबांनी आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त. आमच्यात बोलणं असं फार नव्हतं. जेवलास का, गॅस संपलाय, दार लावून घे.

मी तापात पडून होतो आणि माझा कंपनीचा लॅपटॉप कोणाला तरी हवा होता. तो न्यायला कोण येणार, तर मामा स्वतःहून म्हणाले, मी जातो. गुरुवारी, आमच्या कंपनीच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, चाकणहून मोपेडवर. सोबत शेतातल्या ओल्या शेंगांची पिशवी. आतल्या खोलीत येऊन माझ्या कपाळाला त्यांनी हात लावला, "पडून ऱ्हावा," म्हणाले आणि बाहेर गेले. मला वाटलं, गेले. पण थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून आवाज यायला लागला.

"दादा, तुमाला जायचं कुठं हाय?"

माझा जुना कॉम्प्युटर मी बाबांना दिला होता. त्यावर एका वर्तमानपत्राचा शॉर्टकट त्यांनी स्वतः करून ठेवलेला. दोन महिने ते मला सांगत होते, अरे, हे बरोबर उघडत नाही. मी म्हणायचो, गुरुवारी बघतो.

"मला कराडच्या बातम्या वाचायच्या असतात," बाबा म्हणत होते. "पण हे रोज एकाच दिवसाचा पेपर दाखवतं. पहिले चार दिवस तर माझ्या लक्षातच आलं नाही. मी तोच पेपर चार दिवस वाचला."

"चार दिस?"

"चार दिवस! म्हटलं, गावाकडे हल्ली काही घडतच नाही."

आणि मग बाबा हसले. मी कॉटवर उठून बसलो. आई गेल्यानंतर बाबांना मी हसताना ऐकलं नव्हतं. मामाही हसत होते. मग मामा म्हणाले, "दादा, ह्या पत्त्याच्या शेपटात तारीख हाय बगा. तुमी त्या दिसाला गाठ मारून ठिवलीया." बाबा एकेक अक्षर खोडत होते, त्यांच्या बोटांचा आवाज येत होता, संथ. दोन मिनिटांचं काम. मामा दोन तास बसले. शेंगा उकडल्या, खाल्ल्या. मला वाटीत आणून दिल्या, पण बोलणं बाहेर चालू होतं. मधे ते दोघं गॅलरीत गेले आणि बराच वेळ अगदी हळू आवाज येत राहिला. मला ग्लानी आली होती. ताप अंगात होता की दुसरं काही, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

बरा झाल्यावर एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत मामांना ऑफिसात येऊ देत नाहीत म्हणे. कोणीतरी तक्रार केली. कोण असेल रे तो?"

मी भाकरी मोडत होतो. म्हणालो, "असेल कोणीतरी."

बाबांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "त्यांच्याकडे इंग्रजी कागद होता. त्या दिवशी माझ्याकडून वाचून घेतला. मी सगळा वाचून दाखवला, अर्थ सांगितला. खालचं नाव तेवढं नाही वाचलं."

मी वर बघितलं नाही.

"त्यांना कळलेलं नाही," बाबा म्हणाले. "मी सांगणार नाही. तुझं तू बघ." आणि उठून ताट घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट आत गेल्यावर मी टाइम ऑफिसात गेलो. मामा रजिस्टर बघत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मामा, ती मेल मी केली होती."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"बाबांनी सांगितलं?"

"न्हाई. त्यांनी तर नाव गाळलं. लई शिताफीनं गाळलं." ते हसले. "सायेब, मला इंग्रजी वाक्य उमगत न्हाई. पर अक्षरं येत्यात की. रोज पत्तं वाचतोय म्या. तुमचं नाव पयल्याच दिशी वाचलं. तुमी काय लिवलंय, त्येवढंच कळत नव्हतं."

"मग माझ्याच वडिलांना कशाला..." माझा आवाज चढला. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, मी माफी मागायला आलो होतो.

मामांनी रजिस्टर मिटलं. "हितं कंपनीत कुणाला वाचाया दिलं असतं, तर तुमचं नाव समद्यांना कळलं असतं. घरी पोराला दिलं असतं, तर त्यो तुमच्या अंगावर आला असता. त्यो तापट हाय. म्हटलं, तुमच्याच घरात वाचून घेऊ. घरातलं घरात ऱ्हाईल." थोडं थांबून म्हणाले, "पर वाचताना दादांचा आवाज बदलला. तवा कळलं, ह्ये चुकलं आपलं. त्या मानसाला वाईट वाटाया नको हुतं. ती चूक माझी हाय."

ज्याच्यावर मी अन्याय केला, तो माझ्याकडे आपली चूक कबूल करत होता.

केबिनमध्ये येऊन मी मॅनेजरला दुसरी मेल लिहिली. या वेळी मराठीत. मामांचं काम कंपनीला गरजेचं आहे, माझी आधीची तक्रार मी मागे घेतो, सुरक्षेची काळजी मी घेईन, त्यांनी ऑफिसात यावं. लिहायला पाच मिनिटं लागली. प्रिंट काढून मामांना नेऊन दिली. त्यांनी बोट ठेवून सगळी वाचली आणि 'गरजेचं' या शब्दापाशी बोट जरा थांबलं. सोमवारी ते स्टूल काखेत मारून आत आले. सुनंदाताईंनी उभं राहून त्यांना जागा करून दिली.

यातून मी सुधारलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. थोडाफार सुधारलोही. तक्रारीच्या मेलचा नियम काढून टाकला, आणि कोणाचा शॉर्टकट बिघडला तर हात खिशात घालून शेजारी उभा राहायला शिकलो. पण मी विचारलं, "तुम्हाला जायचं कुठं आहे?" की लोक गोंधळून माझ्याकडे बघतात. माझ्या तोंडी तो प्रश्न चौकशीसारखा वाटतो. मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाला पूर्ण प्लांट जेवायच्या सुट्टीत आला. माझ्या निरोपाला कोण येईल, ते मी तिथे उभा राहून मोजत होतो.

आता त्यांच्याशी माझं फारसं बोलणं नाही. बाबांचं आहे. फोन आला की बाबा गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात.

गेल्या गुरुवारी मी उठलो तर बाबा घरात नव्हते. संध्याकाळी आले, पायाला माती, हातात मेथीची जुडी. निगडीहून बस धरून ते एकटेच मामांच्या गावाला जाऊन आले होते. मला म्हणाले असते तर मी गाडीने सोडलं असतं.

"काय केलंत दिवसभर?" मी विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "बसलो होतो."

त्यांनी मेथी निवडायला घेतली. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, मग मान वर करून विचारलं, "काय रे, काही हवं होतं का?"